आधी कोठी बघ, मग ताट

सोमवारपासून कॉलेजची लॅब तुझ्या ताब्यात येणार म्हणून फोन केलास, बरं वाटलं. पण पहिलाच प्रश्न असा विचारलास की मी हातातला चहा खाली ठेवला. "आत्या, मशीनवर आधीपासून टाकून आलेल्या ॲप्सची यादी कशी काढायची? एकेक मशीन उघडून बघत नाही बसणार मी. चार ओळींची स्क्रिप्ट सांग."

चार ओळी सांगून फोन ठेवता आला असता. पण त्याच चार ओळींनी माझा एक अख्खा मे महिना खाल्लाय. म्हणून सावकाश सांगते. वही घे. मोबाइलमध्ये नको टिपूस. लॅबचं नेटवर्क बंद पडतं त्या दिवशी वहीच कामाला येते.

पहिला कानमंत्र: यादी कुणाची, ते आधी ठरव

आमच्याकडे विंडोज दहा आलं तेव्हाची गोष्ट. मुलं प्रॅक्टिकलच्या तासाला पत्ते खेळत बसायची; सॉलिटेअर मशीनबरोबरच आलेला. मे महिन्यात मी लॅबच्या लॉगिननं एकेका मशीनवर बसले, यादी काढली, नको ती ॲप्स काढून टाकली, पुन्हा यादी काढून खात्री केली. तीस मशीन स्वच्छ. जूनमध्ये कॉलेजनं पहिल्यांदाच प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र लॉगिन दिलं. पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून हसू ऐकू आलं. पत्ते परत हजर.

मला वाटलं, कुणी तरी खोडी केली. खोडी कुणाचीच नव्हती. माझी यादी खरी होती, पण ती फक्त माझ्या लॉगिनची होती.

लग्नाची पंगत डोळ्यांपुढे आण. मांडवात ताटं मांडलेली असतात आणि मागं कोठीघर असतं. एका ताटातली जिलबी उचललीस तर त्या ताटातली गेली. कोठीतलं पातेलं भरलेलंच आहे. पुढच्या पंगतीला नवा पाहुणा बसला की त्याच्या पानात जिलबी पडणारच. विंडोजचं तसंच आहे. प्रत्येक लॉगिन म्हणजे एक ताट. आणि जी ॲप्स पुढं येणाऱ्या प्रत्येक नव्या लॉगिनसाठी राखून ठेवलेली असतात, त्यांना 'प्रोव्हिजन्ड' म्हणतात. शब्द अवघड वाटला तर आपला शब्द लक्षात ठेव: शिधा. मशीन कारखान्यातून येतं तेव्हा त्याच्या कोठीत शिधा भरलेला असतो. नवा विद्यार्थी पहिल्यांदा लॉगिन करतो, ते 'हाय' म्हणत पडदा थोडा वेळ अडतो ना, तेव्हा त्याचं ताट वाढणं चाललेलं असतं.

म्हणजे तुझ्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. माझ्या ताटात काय आहे? आजवर जेवलेल्या सगळ्यांच्या ताटांत काय आहे? आणि कोठीत काय आहे? 'आधीपासून आलेलं' शोधायचं असेल तर आधी कोठी बघायची. मी ताट बघत बसले होते.

दुसरा कानमंत्र: तीन प्रश्नांना तीन आज्ञा, आणि खुर्ची कुणाची ते विसरू नको

पॉवरशेल उघड. साध्या क्लिकनं नको, उजवं बटण दाबून 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालव' निवड. आता मी सांगते तसं लिही.

स्वतःच्या ताटासाठी: गेट, आडवी रेघ, आणि पुढं सलग ॲपएक्सपॅकेज. 'ॲप'मध्ये दोन पी आणि शेवटी एक्स. तिथं जागा सोडायची नाही. सगळ्यांच्या ताटांसाठी तीच आज्ञा, फक्त शेवटी एक जागा सोडून, आडवी रेघ, ऑलयूझर्स. ही दुसरी ॲडमिनिस्ट्रेटरशिवाय चालत नाही. कोठीसाठी: गेट, आडवी रेघ, ॲपएक्सप्रोव्हिजन्डपॅकेज, जागा, आडवी रेघ, ऑनलाइन. या 'ऑनलाइन'चा इंटरनेटशी काडीचा संबंध नाही. 'आत्ता चालू असलेल्या याच विंडोजची कोठी' एवढाच त्याचा अर्थ. ते लिहिलं नाहीस तर संगणक विचारेल, कुठल्या प्रतिमेची? कारण डिस्कवर बंद पडून असलेल्या विंडोजच्या प्रतिमेची कोठीही हीच आज्ञा उघडून दाखवते. तिथं 'ऑनलाइन'ऐवजी त्या प्रतिमेचा पत्ता द्यायचा.

आता खुर्चीची गोष्ट. विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये बसून तू पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलंस आणि तिथं दुसऱ्या खात्याचा पासवर्ड दिलास, तर पहिली आज्ञा विद्यार्थ्याचं ताट दाखवणार नाही. ज्याचा पासवर्ड दिलास त्याचं दाखवेल. पडद्यावर भिंतीचं चित्र विद्यार्थ्याचंच असतं, म्हणून फसायला होतं. यादीच्या डोक्यावर ती कुणाच्या खात्यानं काढली, ते लिहायची सवय आजपासूनच लाव.

ऑलयूझर्सच्या यादीत प्रत्येक ॲपखाली माणसांचे आकडे दिसतील, एस-१-५-२१ असे सुरू होणारे लांबलचक. ती प्रत्येक खात्याची ओळख. त्यांच्यापुढं 'इन्स्टॉल्ड' असेल तर त्या ताटात पदार्थ वाढलेला आहे. 'स्टेज्ड' असेल तर पदार्थ स्वयंपाकघरात तयार आहे, पानात पडलेला नाही. डिस्कवरची जागा मात्र त्यानं अडवलेलीच असते.

तिसरा कानमंत्र: नावाची पाच पदं वाचायला शीक

यादीत प्रत्येक ॲपचं एक पूर्ण नाव असतं, पॅकेज-फुल-नेम. बघून घाबरशील, पण ते आपल्या नावासारखंच आहे. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तशी त्याची पाच पदं, मध्ये खालच्या रेघा. पहिलं पद ॲपचं नाव. दुसरं आवृत्ती. तिसरं कोणत्या प्रोसेसरसाठी. चौथं भाषा वगैरे साहित्याचं. बहुतेक वेळा ते रिकामं असतं, म्हणून दोन खालच्या रेघा लागोपाठ दिसतात. आणि पाचवं प्रकाशकाची खूण.

ही खूण १३ अक्षरांची असते आणि ती प्रकाशकाच्या नावावरून गणितानं काढलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या बऱ्याचशा ॲप्सना जी असते, ती मला पाढ्यासारखी पाठ आहे: आठ, डब्ल्यू, ई, के, वाय, बी, तीन, डी, आठ, बी, बी, डब्ल्यू, ई. हसू नकोस. हजार ओळींच्या यादीत हे शेपूट नसलेल्या ओळी वेगळ्या काढल्यास की मशीन बनवणाऱ्या कंपनीनं स्वतःचं काय काय घुसवलंय, ते बरंचसं समोर येतं.

दोन याद्या जुळवताना पूर्ण नावं जुळवू नको. कोठीच्या यादीत अनेक ॲप्स गठ्ठ्यानं बांधलेली असतात. त्यांच्या नावात प्रोसेसरच्या जागी 'न्यूट्रल' आणि चौथ्या पदाच्या जागी एक नागमोडी खूण दिसते. ताटातल्या यादीत तोच पदार्थ सुटा, प्रोसेसरच्या नावासह. एकच माणूस, पण रेशनकार्डावर एक नाव आणि सातबाऱ्यावर दुसरं! शिवाय एका यादीत ज्या रकान्याला 'नेम' म्हणतात त्यालाच दुसरीत 'डिस्प्लेनेम' म्हणतात. तेव्हा पहिलं पद घे आणि तेवढंच जुळव. आवृत्तीचा आकडा तर सोडूनच दे. स्टोअर तो परस्पर बदलत असतं.

चौथा कानमंत्र: नावावर जाऊ नको

यादीत 'झ्यून-म्युझिक' दिसेल. झ्यून हे मायक्रोसॉफ्टचं गाणी ऐकायचं यंत्र २००६ साली आलं आणि पुढं बंद पडलं. यंत्र गेलं, नाव पॅकेजला चिकटून राहिलं. विंडोज अकरातला मीडिया प्लेअर आजही त्याच नावानं यादीत बसतो. आपल्या गावातला 'टॉकीज चौक' आठव. टॉकीज पाडून तिथं दुकानं झाली, तरी रिक्षावाल्याला टॉकीज चौकच सांगावं लागतं.

त्याहून मोठा चकवा चित्रांच्या ॲपचा. 'मायक्रोसॉफ्ट-डॉट-एमएसपेंट' हे वाचून कुणालाही वाटेल, हा आपला जुना पेंट. तो नव्हे. ते पॅकेज थ्रीडी चित्रं काढायच्या पेंट थ्रीडीचं. विंडोज अकरातला साधा पेंट नुसत्या 'मायक्रोसॉफ्ट-डॉट-पेंट' नावानं राहतो. 'ज्यात ज्यात पेंट येतं ते सगळं' असं तारांकन लावून स्क्रिप्ट चालवलीस, तर दोन्ही एका घासात जातील. म्हणून तारांकनानं शोधावं, पण काढून टाकताना पूर्ण नाव लिहावं.

पाचवा कानमंत्र: मसाल्याच्या डब्याला हात लावू नको

यादीत 'व्हीसीलिब्ज', 'यूआय-झॅमल' अशी नावं दिसतील, तीही दोन-दोन, तीन-तीनदा. वाटेल, हा कचरा दुबार आलाय. ती ॲप्स नाहीत. ते फ्रेमवर्क आहेत, म्हणजे मिसळणाचा डबा. मोहरी, हळद, हिंग कुणी नुसतं खात नाही, पण त्यांच्यावाचून एकही फोडणी होत नाही. प्रोसेसरागणिक आणि आवृत्तीगणिक वेगळी प्रत लागते, म्हणून ती पुन्हापुन्हा दिसतात. प्रत्येक ओळीला 'इज-फ्रेमवर्क' असा रकाना आहे; तिथं 'ट्रू' असेल ती ओळ तुझ्या यादीतून वगळ. 'नॉन-रिमूव्हेबल' असाही एक रकाना आहे. तिथं 'ट्रू' असेल तर ते विंडोजचं स्वतःचं हाड आहे. त्याच्याशी भांडू नको.

आणि प्रोग्राम फाइल्समध्ये विंडोजॲप्स नावाचं एक झाकलेलं फोल्डर आहे. सगळा शिधा तिथंच राहतो. यादी काढायचा सोपा मार्ग म्हणून त्याचं कुलूप तोडून आतली नावं मोजणारे बहाद्दर मी पाहिलेत. तिथं शिळंपाकंही पडलेलं असतं, त्यामुळे मोजणी चुकते. वर मालकी बदलली की पुढं स्टोअरचे अपडेट अडायला लागतात ते वेगळंच. कोठीत काय आहे ते कोठीवाल्याला विचारावं, खिडकीतून उडी मारू नये.

सहावा कानमंत्र: जुन्या घराण्याची हजेरी वेगळ्या वहीत असते

आतापर्यंत जे सांगितलं ते २०१२ साली विंडोज आठबरोबर आलेल्या नव्या घराण्याचं. पण नव्या मशीनवर तीस दिवसांचा चाचणी अँटिव्हायरस येतो, कंपनीचे 'सहायक' प्रोग्राम येतात. त्यांतले पुष्कळसे जुन्या पद्धतीचे, या याद्यांत ते औषधालाही सापडत नाहीत. त्यांची नोंद रजिस्ट्रीत 'अनइन्स्टॉल' नावाच्या कप्प्यात असते. आणि तो कप्पा एक नाही, तीन आहेत. एक ६४ बिटवाल्यांचा, एक ३२ बिटवाल्यांचा, तो 'वॉव-६४३२-नोड'च्या आत, आणि एक त्या त्या लॉगिनचा स्वतःचा. तिन्ही वाच, ज्या नोंदीला डिस्प्लेनेम नाही ती सोड, बाकीची यादीत घे.

नेटवर शोधलंस तर कुणी तरी तुला 'विन-३२-प्रॉडक्ट' नावाच्या वर्गाला विचारायला सांगेल. एक ओळ, दिसायला देखणी. मीही एकदा चालवली, तीही ऑनलाइन परीक्षेच्या सकाळी. त्या ओळीची खोड अशी की ती नुसती यादी वाचत नाही. इन्स्टॉलरनं बसवलेल्या प्रत्येक प्रोग्रामची तब्येत तपासत जाते, आणि काही बिघडलेलं वाटलं तर दुरुस्ती सुरू करते. एकाच वेळी तीस मशीन कण्हायला लागली. नंतर इव्हेंट लॉग उघडला तर १०३५ क्रमांकाच्या नोंदींची रांग. एवढं करून त्या यादीत सगळे प्रोग्राम येतच नाहीत; एमएसआय पद्धतीनं बसलेलेच तेवढे येतात. हजेरी घ्यायला गेलेल्या मास्तरांनी प्रत्येक मुलाला जीभ दाखवायला लावावी, तसला प्रकार. ती ओळ वहीत लिही आणि तिच्यावर काट मार.

लॅबच्या कोपऱ्यातली चार मशीन सी-डॅकच्या बॉस लिनक्सवर आहेत ना? तिथं हा व्याप कमी. ते डेबियनच्या कुळातलं, तेव्हा डीपीकेजी, जागा, आडवी रेघ, धाकटा एल. ओळीच्या सुरुवातीला दोन आय असतील तर पॅकेज नांदतंय. आर आणि सी असेल तर ते गेलंय, पण मागं सेटिंगच्या फाइली ठेवून. तेवढं बघून मोज.

सातवा कानमंत्र: डोळ्यांसाठीची यादी फाइलीत घालू नको

पडद्यावर सुबक दिसावं म्हणून आपण आज्ञेमागं 'फॉरमॅट-टेबल' लावतो. लाव, पण फक्त बघायला. तिच्यामागं सीएसव्हीत लिहायची आज्ञा जोडलीस तर फाइलीत ॲपची नावं येणार नाहीत. तक्ता आखायची आतली सामग्री येईल, कुणालाही न कळणारी. फाइलीसाठी आधी 'सिलेक्ट-ऑब्जेक्ट'नं हवे ते रकाने निवडायचे आणि मग थेट 'एक्सपोर्ट-सीएसव्ही'.

आणखी एक. तू रकान्यात 'लॅब क्र. २, खिडकीजवळ' असं मराठीत लिहिणार, मला माहीत आहे. विंडोजबरोबर येणारं पॉवरशेल ५.१ सीएसव्ही लिहिताना, काही सांगितलं नाही तर, आस्की धरतं. त्यात देवनागरी बसत नाही. पहिल्या वर्षी माझ्या फाइलीत तीसही ओळींना नुसती प्रश्नचिन्हं. म्हणून शेवटी आडवी रेघ, एन्कोडिंग, जागा, यूटीएफ८ (मध्ये रेघ न देता) लिहायला विसरू नको. मग एक्सेलमध्येही मराठी नीट उघडतं. नव्या पॉवरशेल सातमध्ये गेलीस तर आपल्या ॲपएक्सच्या आज्ञा काही आवृत्त्यांत रुसून बसतात. विंडोजबरोबर आलेल्या त्या जुन्या निळ्या खिडकीतच हे काम कर.

आठवा कानमंत्र: दोन याद्यांतला फरक हेच खरं उत्तर

दिवाळीच्या सुट्टीत तू एक मशीन नीट सजवशील आणि त्याची प्रतिमा बाकीच्यांवर उतरवशील. त्याआधी सिसप्रेप चालवावं लागतं, आणि ते हमखास अडतं. 'विंडोजची पडताळणी करता आली नाही' असं म्हणतं आणि थांबतं. घाबरून पुन्हा विंडोज टाकत बसू नको. सिसप्रेपच्याच फोल्डरात पॅन्थर नावाचं फोल्डर आहे, त्यातली सेटअपॲक्ट ही नोंदवही उघड. बहुधा तिथं एका पॅकेजचं नाव असेल आणि म्हटलेलं असेल, हे एका खात्यासाठी बसवलंय, सगळ्यांसाठी राखलेलं नाही.

आपल्या भाषेत, ताटात असा पदार्थ आहे जो कोठीतून आलेला नाही. तू सजावट करत असताना स्टोअरनं मागच्या दारानं वाढलेला. सगळ्यांची ताटं एका बाजूला, कोठी दुसऱ्या बाजूला, 'कंपेअर-ऑब्जेक्ट'नं नावं ताडून बघ. ताटात आहे, कोठीत नाही, ती दोन-चार नावं निघतील. फ्रेमवर्क वगळ आणि उरलेलं त्या खात्यातून काढ. पुढच्या वेळी मशीन सजवताना नेटवर्कची तार काढून ठेव.

पत्त्यांचंही कोडं असंच सुटलं. कोठीतून काढायची आज्ञा वेगळी आणि ताटातून काढायची वेगळी. दोन्ही चालवाव्या लागतात. एकच चालवलीस तर एक तर आजचा विद्यार्थी खेळत राहतो, नाही तर उद्याचा.

शेवटचा कानमंत्र: नारळाआधी यादी

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. आधीपासून काय होतं? वर्षभर वापरलेल्या मशीनला हे विचारलंस तर खरं उत्तर मिळत नाही. या पॅकेजांच्या यादीत बसवल्याची तारीख देणारा रकानाच नाही. रजिस्ट्रीतल्या नोंदींना तारीख असते, पण सगळ्यांना नसते. कोठीत अपडेटबरोबर नवा माल येतो, जुना जातो. विंडोजला आज काय आहे ते सांगता येतं. पहिल्या दिवशी काय होतं, हे त्याच्या लक्षात नसतं.

ते आपणच लक्षात ठेवायचं. नवी मशीन खोक्यातून निघाली की आपल्याकडे काय होतं, तुला ठाऊक आहे. प्राचार्य येतात, मॉनिटरला हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो, पेढे वाटेपर्यंत कुणी तरी वायफाय जोडतं आणि स्टोअर कामाला लागतं. तू त्याच्या अर्धा तास आधी जा. तार न लावता मशीन चालू कर. कोठी, सगळी ताटं आणि रजिस्ट्रीचे तीन कप्पे, अशा याद्या पेनड्राइव्हवर घे. फाइलीच्या नावात मशीनचा क्रमांक, तारीख आणि खातं घाल. एका मशीनला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. मग खुशाल नारळ फोडू दे.

माझ्या कपाटात तळाशी निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. त्यात निवृत्त होईपर्यंत आलेल्या प्रत्येक खेपेची अशी पहिल्या दिवसाची यादी चिकटवलेली आहे, पहिली खेप सोडून. त्या पानावर नुसतं 'पत्ते' एवढंच लिहिलंय. रविवारी जेवायला ये आणि वही घेऊन जा.